कुड, वुड, मस्ट पुन्हा पुन्हा चुकतात? आधी डोक्यातलं मराठी वाक्य तपासा

सोमवारी आमच्या माणसांनी साइटवर जाऊन ब्रेकर दुरुस्त केला. मंगळवारी पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, परदेशातल्या हेड ऑफिसला तसा मेल गेला. गुरुवारी उत्तर आलं: ‘प्लीज गो अहेड.’ म्हणजे, करा दुरुस्त.

ब्रेकर चालू होऊन तीन दिवस झालेले, बिल टाइप होऊन पडलेलं, आणि आता ही परवानगी कसली? बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या ऑफिसात दहा मिनिटं सगळे पार्टीच्या नावाने हसले. मग मी आपण पाठवलेला मेल उघडला. आमच्या पोराने लिहिलं होतं: ‘वी कुड रिपेअर द ब्रेकर ऑन मंडे.’ हसणं तिथेच थांबलं.

त्याच्या डोक्यातलं वाक्य अगदी स्वच्छ होतं: ‘सोमवारी आम्ही ब्रेकर दुरुस्त करू शकलो.’ वाचणाऱ्याने वाचलं ते असं: ‘तुम्ही म्हणत असाल तर येत्या सोमवारी आम्ही ब्रेकर दुरुस्त करू शकू.’ त्या बिचाऱ्याने सभ्यपणे होकार कळवला. त्याची काहीच चूक नव्हती.

बाहेर जाणारे मेल, टेस्ट रिपोर्ट, मॅन्युअलं नजरेखालून घालायचं काम गेली वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. स्पेलिंग आता कॉम्प्युटर बघतो. काळाच्या चुकाही तो बऱ्याच पकडतो. पण मोडल ऑक्झिलरी, म्हणजे कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड ही नऊ सहायक क्रियापदं, त्याच्या हातून निसटतात. कारण वाक्य व्याकरणात बसतं, अर्थ मात्र दुसराच निघतो. ‘वी कुड रिपेअर’ला कुठलाही चेकर लाल रेघ मारत नाही.

एकाच माणसाची एकच चूक मी दहादा सुधारली आहे आणि अकराव्यांदा ती तशीच समोर आली आहे. तेव्हा लक्षात आलं की मी गळणाऱ्या नळाखालची बादली बदलतोय, वायसर नाही.

बिघाड कुठे आहे

शाळेत आपण एक तक्ता पाठ केला. कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित, वुड म्हणजे... वुडपाशी बाईंनी तास संपवला. इंग्रजी वाचून मराठीत समजून घ्यायला तो तक्ता चालतो. लिहिताना मात्र आपण उलट्या दिशेने जातो, आणि एकेरी वाटणारा रस्ता अचानक पाच फाट्यांचा होतो. ‘पाहिजे’पासून निघालात तर समोर मस्ट, शुड, नीड, वाँट आणि हॅव टू असे पाच फाटे. हाताला जो पहिला लागला तो आपण धरतो.

माझा अनुभव असा की आपल्याकडच्या मोडलच्या बहुतेक चुका मोजक्या मराठी शब्दांपाशी होतात: शकलो, पाहिजे, नको, असेल. शेवटी वुडचा प्रश्न वेगळा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. या शब्दांवर नजर ठेवली की नऊ इंग्रजी क्रियापदांच्या मागे धावायची वेळ येत नाही.

आधी एक किरकोळ गोष्ट उरकून टाकतो. ‘कॅन एबल टू’, ‘मस्ट टू गो’, ‘ही कॅन्स’, ‘विल कॅन’ या चुका रूपाच्या आहेत. मोडलला एस लागत नाही, पुढे टू येत नाही, दोन मोडल शेजारी बसत नाहीत आणि मागून येणारं क्रियापद साधंच राहतं. ‘मी करू शकेन’ म्हणायचं असेल तर ‘विल बी एबल टू’, आणि ‘जावं लागलं’ला ‘हॅड टू’. एस का लागत नाही, हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याच्यासाठी: कॅन, मे, शॅल ही मुळात जुन्या भूतकाळी रूपांवरून आलेली क्रियापदं, म्हणून वर्तमानकाळाचा एस त्यांना कधी चिकटलाच नाही. आणि कुडमधला एल तर चक्क उपरा. वुड आणि शुडमध्ये तो वाडवडिलांपासूनचा, कुडमध्ये त्या दोघांचं बघून लिहिणाऱ्यांनी घुसवला. उच्चारात तो आला नाही, स्पेलिंगमध्ये मात्र कायमचा राहिला.

‘शकलो’: सगळ्यात महाग पडणारा शब्द

इंग्रजीत भूतकाळातलं कुड हे येण्याबद्दल, अंगात असण्याबद्दल बोलतं. लहानपणी मला पोहता यायचं: ‘आय कुड स्विम.’ आजोबांना मोडी वाचता यायची: ‘ही कुड रीड मोडी.’ पण एका ठरावीक दिवशी, एकदाच, अमुक काम जमलं आणि झालं, हे सांगायला होकारार्थी वाक्यात कुड चालत नाही. तिथे ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागतं. कुड लावलात की वाचणारा त्याला भविष्यातली शक्यता किंवा सूचना समजतो, आणि मग गुरुवारी ‘प्लीज गो अहेड’ येतं.

गंमत म्हणजे नकारात हा भेद नाहीसा होतो. ‘वी कुडन्ट रिपेअर इट ऑन मंडे’ हे ठरावीक सोमवारबद्दलही बरोबरच. म्हणूनच चूक सापडायला वेळ लागतो: नकारार्थी वाक्यं बरोबर येत राहतात, माणसाला वाटतं कुड आपल्याला जमतं, आणि होकाराच्या वेळी पाय घसरतो. दिसणं, ऐकू येणं, वास येणं, आठवणं अशा क्रियापदांनाही सूट आहे. पॅनेलमधून गुणगुण ऐकू येत होती, तर ‘वी कुड हिअर अ हम’ बिनधास्त लिहा.

तपासणी करायची ती मराठीतच. ‘शकलो’च्या जागी ‘जमलं’ घालून बघा. ‘सोमवारी दुरुस्त करायला जमलं’ असं म्हणता आलं तर मॅनेज्ड टू. ‘यायचं’ घालता आलं तर कुड. ‘शकू’ किंवा ‘शकतो की’ असा सुचवण्याचा सूर असेल तरीही कुड. ‘शकलो असतो’ असेल तर कुड हॅव आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: ‘वी कुड हॅव रिपेअर्ड इट’, म्हणजे केला मात्र नाही. आमच्या त्या मेलमध्ये घाईघाईत कुणी ‘कुड हॅव’ लिहिलं असतं तर बिलाचे पैसेच आले नसते.

आणि खरं सांगायचं तर दहापैकी सात वेळा ‘शकलो’ची गरजच नसते. ‘सोमवारी ब्रेकर दुरुस्त केला.’ ‘वी रिपेअर्ड द ब्रेकर ऑन मंडे.’ संपलं. आपल्याला ‘केलं’ म्हणताना थोडं उद्धट वाटतं, ‘करू शकलो’ म्हटलं की नम्रता आल्यासारखी वाटते. ती नम्रता मराठीतच ठेवा.

कॅनच्या बाजूने एक शब्द. मराठीत कौशल्य ‘येतं’ आणि शक्यता ‘शकते’. ‘मला वेल्डिंग येतं’ आणि ‘मी शनिवारी येऊ शकतो’ ही दोन वेगळी यंत्रं आहेत, इंग्रजीत दोन्हीला कॅन पुरतं. इंटरव्ह्यूत ‘आय नो वेल्डिंग’ म्हणणारी मुलं चुकतात असं मी म्हणणार नाही, समोरच्याला कळतं. तरी ‘आय कॅन वेल्ड’ जास्त नेमकं. कॅनचा जुना अर्थही ‘ठाऊक असणे’ असाच होता, तेव्हा आपलं ‘येतं’ त्याला फार परकं नाही.

‘पाहिजे’: एका शब्दात सगळं घर

‘मला चहा पाहिजे.’ ‘मला निघायला पाहिजे.’ ‘तू डॉक्टरकडे जायला पाहिजेस.’ ‘फॉर्मवर सही पाहिजे.’ पहिल्यात इच्छा, दुसऱ्यात निकड, तिसऱ्यात सल्ला, चौथ्यात नियम. मराठी माणूस हे चारही सुरावरून ओळखतो. कागदावर सूर येत नाही.

बडोद्यात हा घोळ दुप्पट होतो, कारण घरात मराठी, शॉप फ्लोअरवर गुजराती, आणि गुजरातीचं ‘जोईए’ अगदी याच सगळ्या जागी बसतं: चा जोईए, जवुं जोईए. आपलं पाहिजे ‘पाहणे’तून आलं, त्यांचं जोईए ‘जोवुं’तून, म्हणजे तेही बघण्यातूनच. हिंदीत ‘चाहिए’ आलं तरी काम तेच करतं. तिन्ही भाषा एकच सवय पक्की करतात, आणि चौथ्या भाषेत येताना ती सवय आडवी येते.

माझ्या भाचीने परदेशातल्या कॉलेजासाठी अर्ज केला तेव्हा आपल्या जुन्या प्राध्यापकांना शिफारसपत्रासाठी लिहिलं: ‘यू मस्ट सेंड मी द लेटर बाय फ्रायडे.’ मनात होतं, ‘शुक्रवारपर्यंत पत्र मिळायला पाहिजे हो.’ तो ‘हो’ इंग्रजीत गेलाच नाही. उरला हुकूम. मी तिला विचारलं, ‘हे कोण म्हणतंय? तू का कॉलेज?’ ‘कॉलेज म्हणतंय, मामा. तारीख त्यांची आहे.’ मग वाक्य सापडलं: ‘द लेटर हॅज टू रीच देम बाय फ्रायडे. कुड यू प्लीज सेंड इट?’

तेवढा एकच प्रश्न पुरतो: कोण म्हणतंय? बाहेरचा नियम, परिस्थिती, तारीख म्हणत असेल, म्हणजे मराठीत ‘लागतं, लागेल’ चपखल बसत असेल, तर हॅव टू. ‘गेलेलं बरं’ असं म्हणता येत असेल तर शुड. बोलणारा स्वतः जोर लावत असेल, ‘च’ लागत असेल, ‘जायलाच पाहिजे’, तर मस्ट. आणि नुसतं ‘हवं’ असेल तर मोडलची भानगडच नाही, वाँट किंवा नीड.

मस्टबद्दल एक निरीक्षण, कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मस्टमध्ये फायदा कोणाचा, यावर त्याची चव ठरते. ‘यू मस्ट कम फॉर डिनर’ यात फायदा समोरच्याचा, म्हणून तो आग्रह. पंगतीत अजून एक पुरणपोळी वाढताना जो सूर असतो तोच. ‘यू मस्ट सेंड मी द लेटर’ यात फायदा माझा, म्हणून तो हुकूम. आग्रहासाठी मस्ट खुशाल वापरा, मागणीसाठी हात आखडता घ्या.

भूतकाळात मराठी आपल्याला इंग्रजीइतकंच नेमकं हत्यार देते, फक्त आपण ते वापरत नाही. ‘जायला पाहिजे होतं’ म्हणजे गेलो नाही: ‘शुड हॅव गॉन’. ‘जावं लागलं’ म्हणजे गेलो: ‘हॅड टू गो’. ‘शुड वेंट’, ‘शुड हॅड गॉन’, ‘मस्ट वेंट’ हे तिन्ही रद्द. शुडनंतर हॅव, कर्ता कोणीही असो, हॅज किंवा हॅड कधीच नाही.

कराराच्या कागदात ‘शुड’ लिहून सौजन्य दाखवू नका

हा भाग इंजिनियरिंगवाल्यांसाठी. बाकीच्यांनी हवं तर पुढे जावं, पण टेंडर भरणाऱ्याने इथे थांबावं.

एकदा आमच्याकडे एका तरुण इंजिनियरने स्पेसिफिकेशनचा मसुदा ‘जरा सॉफ्ट’ केला. सगळीकडे ‘द एन्क्लोजर शॅल बी...’ होतं, ते त्याला दरडावल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने शॅल काढून शुड घातलं. सत्तावीस ठिकाणी. वाचायला गोड झालं आणि सत्तावीस अटी ऐच्छिक झाल्या. माल पुरवणाऱ्याने त्यातल्या दोन पाळल्या नाहीत आणि शांतपणे सांगितलं, ‘तुम्ही शिफारस केली होती, अट कुठे घातली होती?’ त्याचं बरोबर होतं.

मानकांच्या भाषेत हे शब्द रोजच्या बोलण्यातले राहत नाहीत, त्यांना पक्की किंमत असते. आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थांची मानकं कशी लिहायची याचे जे नियम आहेत त्यात शॅल म्हणजे बंधन, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. शॅलच्या जागी मस्ट वापरू नये असंही तिथे बजावलेलं आहे. मनाई करायची तर ‘शॅल नॉट’, कारण ‘मे नॉट’ दोन्हीकडे वळतं: ‘द पॅनेल मे नॉट बी एनर्जाइज्ड’ म्हणजे चार्ज करायला परवानगी नाही, की चार्ज झालेलं नसेलही? विजेच्या कामात असा संशय नको.

सॉफ्टवेअरवाल्यांचं वळण थोडं वेगळं. इंटरनेटच्या नियमावल्यांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा दस्तऐवज निघाला, त्यात मस्ट आणि शॅल एकाच अर्थाचे ठरवले आहेत आणि शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडायची गोष्ट. मोठ्या लिपीत लिहिले असतील तेव्हाच हे खास अर्थ लागू, असा खुलासा पुढे २०१७ साली आरएफसी ८१७४ ने केला. म्हणजे तुम्ही कोणाच्या अंगणात लिहिताय ते आधी बघायचं.

आणि शब्द किती जड असतो याचं एक उदाहरण. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ मध्ये सोप्या भाषेत पुन्हा लिहिले गेले, तेव्हा नियम ५६ मधल्या शॅलच्या जागी शुड आलं. त्यावर इतका खल झाला की २०१० मध्ये तिथे शॅल परत आणून बसवावं लागलं. आपल्या न्यायालयांनीही कायद्यातला मे प्रसंगी शॅलसारखा, म्हणजे बंधनकारक म्हणून वाचला आहे. न्यायाधीशांना एवढं डोकं खाजवावं लागतं, तिथे आपण ‘जरा सॉफ्ट’ करायला जाऊ नये.

‘नको’: जिवावर बेतणारा

पाहिजेचा नकार नको. चहा पाहिजे, चहा नको. इथवर ठीक. पण ‘या वॉल्व्हला हात लावायला नको’ आणि ‘शनिवारी तुम्ही यायला नको’ या दोन वाक्यांतला नको एक आहे का? पहिला मनाई, दुसरा सवलत. आणि नेमके इथेच मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू यांची अदलाबदल होते.

वॉल्व्हवरची पाटी मी छापायला जाण्याआधी पकडली होती: ‘यू डोन्ट हॅव टू टच धिस वॉल्व्ह.’ म्हणजे, हात लावायची सक्ती नाही, लावायचा तर लावा. आणि त्याच आठवड्यात कमिशनिंगला, म्हणजे यंत्रणा चालू करून द्यायला, आलेल्या पाहुण्या इंजिनियरला मेल गेला होता: ‘यू मस्ट नॉट कम ऑन सॅटरडे.’ मनात होतं की दमलाय माणूस, शनिवारी त्याने आराम करावा, लक्ष्मी विलास पॅलेस बघावा, रावपुऱ्यात सेवउसळ खावी. त्याला वाटलं आपल्यापासून काहीतरी लपवतायत. सोमवारी तो तोंड पाडून आला.

इंग्रजीत होकारात मस्ट आणि हॅव टू शेजारी शेजारी राहतात, नकार लागला की एकदम दोन टोकांना जातात. मस्ट नॉट म्हणजे मनाई. डोन्ट हॅव टू म्हणजे मोकळीक. हे पाठ करून राहत नाही, मी बघितलंय. त्यापेक्षा ‘नको’ दिसला की तो बदलून बघा, मराठीकडे याचे सुंदर तुकडे आहेत. ‘हात लावता कामा नये’ बसलं तर मस्ट नॉट. ‘हात लावू नये’ बसलं तर शुड नॉट. ‘यायची गरज नाही’ बसलं तर डोन्ट हॅव टू, किंवा नीडन्ट. ‘कामा नये’ हा प्रयोग आता फक्त पाट्यांवर आणि आजीच्या बोलण्यात उरलाय, पण मस्ट नॉटला त्याच्याइतका तंतोतंत जोडीदार मला सापडलेला नाही.

घाईत असाल तर एवढंच विचारा: केलं तर काय होईल? काही बिघडत नसेल तर डोन्ट हॅव टू. बोट जाणार असेल तर मस्ट नॉट.

‘असेल’: खात्री किती, ते सांगा

‘गाडी कुठे आहे?’ ‘भरूच ओलांडलं असेल.’ मकरपुऱ्यातून वापीला माल निघाला की दिवसातून चारदा हा संवाद होतो. नर्मदेच्या पुलाआधी वाहतूक तुंबली असेल तर या ‘असेल’ला काडीचा अर्थ नसतो, आणि रस्ता मोकळा असेल तर तो पक्का. फरक आपण ‘नक्की’, ‘बहुतेक’, ‘कदाचित’ असे शब्द बाहेरून लावून दाखवतो. इंग्रजीत ती खात्री मोडलच्या आत भरलेली असते. ‘असणारच’ म्हणायचं असेल, पुरावा हातात असेल तर ‘मस्ट हॅव क्रॉस्ड’. हिशेबाने एव्हाना व्हायला हवं असेल तर ‘शुड हॅव क्रॉस्ड’. अंदाज असेल तर ‘मे’ किंवा ‘माइट हॅव क्रॉस्ड’. मे आणि माइट यांत कोण जास्त पुसट यावर वाद घालणारे घालोत, कामापुरते दोन्ही सारखे.

नकारात पुन्हा खड्डा आहे. ‘इतक्यात पोचली नसणार’ याचं इंग्रजी ‘मस्ट नॉट हॅव’ करू नका, ‘कान्ट हॅव रीच्ड’ करा. आणि ड्रायव्हरचा फोन आलेला असेल, गाडी पोचलेलीच असेल, तर अंदाज कशाला? ‘हॅज रीच्ड.’ माल हातात पडलेल्या पार्टीला ‘मस्ट हॅव रीच्ड’ लिहिलं की त्यांना वाटतं आपल्याला आपल्याच मालाचा पत्ता नाही.

‘मेबी’ एक शब्द, ‘मे बी’ दोन. पहिला म्हणजे कदाचित, वाक्याच्या सुरुवातीला. दुसऱ्यात मे हे मोडल: ‘ही मे बी लेट.’ एवढंच.

वुडचा आजार

‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो.’ हा मेल मला आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि माझं पहिलं उत्तर असतं, ‘जर काय?’ इंग्रजी वाचणारा वुड दिसला की ‘जर’ची वाट बघतो: सुट्टी मिळाली असती तर? बॉसने हो म्हटलं असतं तर? उद्या मी सुट्टीवर असेन, याला ‘आय विल बी’.

आपल्याकडे कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय की विल उद्धट आणि वुड सुसंस्कृत. याचं मूळ विनंतीत आहे. ‘विल यू’पेक्षा ‘वुड यू’ मऊ, हे खरं. पण तो मऊपणा दुसऱ्याकडे काही मागताना. स्वतःच्या कामाची माहिती देताना वुड लावलं की वाक्य मऊ होत नाही, संशयास्पद होतं. ‘वी वुड डिस्पॅच द मटेरियल ऑन फ्रायडे’ वाचून पार्टी विचारते, मग अडलंय कुठे?

वुड कुठे हवं? जुन्या सवयी सांगताना, मराठीत जिथे ‘-यचे’ येतं: आजोबा संध्याकाळी सुरसागरच्या काठावर जाऊन बसायचे, ‘ही वुड सिट’. जर-तरमध्ये, जिथे ‘असतं’ येतं: कळलं असतं तर सांगितलं असतं, ‘आय वुड हॅव टोल्ड यू’. आणि दुसऱ्याचं बोलणं सांगताना. इथे मात्र मराठी मदत करत नाही, उलट फसवते. ‘तो म्हणाला, मी येईन’ यात आपण त्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवतो, म्हणून इंग्रजीतही ‘ही सेड ही विल कम’ लिहितो. तिथे ‘वुड’ हवं. या तिन्हींपैकी एकही सापडलं नाही आणि कुणाकडे काही मागतही नसाल, तर डोळे मिटून विल.

दांडिया बाजारात आमच्या जुन्या वाड्यापासून चालत गेलं की अरविंद निवास लागतो. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे अरविंद घोष तिथे राहायचे. लहानपणी त्या फाटकासमोरून जाताना बाबा दरवेळी म्हणायचे, ‘यांच्याकडून इंग्रजी शिकायला मिळालं असतं तर!’ आता विचार करतो, त्या एका वाक्यात तृतीय पुरुषी आदर, जर-तर, ‘असतं’ आणि सुस्कारा, सगळं होतं. बाबांना त्याचं इंग्रजी करता आलं असतं का? ‘इफ आय हॅड’पर्यंत ते पोचले असते. पुढचं ‘वुड’ मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने गिळलं.

राहिलं ‘-ऊ का?’ चहा करू का, बिल पाठवू का. ‘विल आय सेंड’ नाही, ‘आय सेंड?’ तर अजिबात नाही. ‘शॅल आय सेंड द बिल?’ किंवा ‘शुड आय’. कराराबाहेर शॅलचं एवढंच काम उरलंय, पण ते गोड आहे.

हल्ली मी लाल पेनाने सुधारत नाही. मेल परत पाठवतो आणि वर लिहितो, ‘मराठीत सांग.’ सुरुवातीला पोरं वैतागली, आता मराठी वाक्य मनात म्हणूनच येतात. ब्रेकरवाल्या पोराने परवा मेल केला: ‘वी मॅनेज्ड टू रिप्लेस द बुशिंग ऑन सॅटरडे.’ एकही खोट नाही. दोन तासांत पार्टीचं उत्तर: ‘ग्रेट. कुड यू सेंड द इन्व्हॉइस?’

तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. ‘काका, हे विचारतायत, आपण बिल पाठवू शकलो का म्हणून.’

‘पाठव,’ म्हटलं.